तिने शिक्षिकेला का सांगितले नाही? जळगाव १९९४ आणि महाविद्यालयाची जबाबदारी

१/
जळगावचे नाव निघाले की केळी, सोन्याची बाजारपेठ आणि बहिणाबाई आठवतात. १९९४ च्या पावसाळ्यात मात्र हे नाव राज्यभरच्या वृत्तपत्रांत वेगळ्याच कारणाने पहिल्या पानावर आले आणि पुढे कित्येक वर्षे त्या कारणाला चिकटून राहिले. आजचा थ्रेड त्या प्रकरणाविषयी आहे. पण आरोपींविषयी नाही. त्या मुलींपैकी अनेक जणी रोज शाळेत, महाविद्यालयात जात होत्या. हजेरीपटावर त्यांची नावे होती. तेथील प्राध्यापक, लेखनिक, वसतिगृहाच्या रेक्टर यांना त्यांच्यासाठी काय करता आले असते, आणि आज काय करता येते, हा आपला प्रश्न आहे.

(लैंगिक अत्याचाराचे उल्लेख पुढे आहेत, वर्णने नाहीत. अत्याचार सोसलेल्या एकाही सामान्य स्त्रीचे नाव येथे दिलेले नाही. त्याचे कारण ओघात येईल.)

२/
जुलै १९९४ मध्ये जे उघडकीस आले त्याचा गाभा असा. शहरातील काही पुरुष वर्षानुवर्षे शाळकरी मुली, महाविद्यालयीन विद्यार्थिनी आणि नोकरदार तरुणी यांना फूस लावून किंवा फसवून नेत, अत्याचार करीत, छायाचित्रे आणि चित्रफिती तयार करीत. पुढे तीच छायाचित्रे दाखवून त्या मुलींना पुन्हा पुन्हा बोलावले जाई. आरोपींत राजकीय वजन असलेली माणसे होती, नगरसेवकही होता.

त्या काळच्या वृत्तपत्रांनी या प्रकरणाला ‘वासनाकांड’ म्हटले आणि तोच शब्द रूढ झाला. मला तो शब्द चुकीचा वाटतो. त्यात पुरुषाची वासना केंद्रस्थानी येते. जबरदस्ती आणि खंडणीसारखी चालणारी धमकी बाजूला पडते.

३/
यंत्रणा नीट पाहा, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. कॅमेरा हे येथे फक्त साधन होते. खरे हत्यार होते ते ‘घरी कळेल’ हे वाक्य. छायाचित्र पाहून समाज आरोपीला नव्हे, तर मुलीला शिक्षा करील, ही खात्री आरोपींनाही होती आणि मुलींनाही. तिचे शिक्षण थांबेल, घाईने लग्न उरकले जाईल, धाकट्या बहिणीचे लग्न जमणार नाही. म्हणजे धमकी आरोपी देत होते. पण ती खरी करून दाखवण्याचे काम उरलेले गाव करणार होते.

४/
किती मुली? त्या वेळी तीनशे ते पाचशे असे आकडे छापून येत होते. हे अंदाज होते, मोजणी नव्हे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते त्याच सावधपणे वापरावेत. निर्विवाद आहे ते एवढेच, की प्रत्यक्ष तक्रार नोंदवायला पुढे आलेल्यांची संख्या या अंदाजांपुढे अगदी थोडी होती.

तपासासाठी राज्याने अरविंद इनामदार आणि मीरां चढ्ढा-बोरवणकर यांच्यासारखे अधिकारी नेमले. खटल्यांसाठी विशेष न्यायालयाची व्यवस्था झाली. न्यायाधीश मृदुला भाटकर यांच्या कारकिर्दीचा उल्लेख होतो तेव्हा हे प्रकरण हमखास येते. काही खटल्यांत शिक्षा झाल्या, आणि त्यांतील काही वरच्या न्यायालयात टिकल्या नाहीत. विधानसभेच्या १९९५ च्या निवडणुकीत हा विषय प्रचारसभांतून गाजला. मग तो हळूहळू विरला.

५/
या प्रकरणावर बाहेर उपलब्ध असलेला मजकूर वाचताना एक गोष्ट सतत टोचते. आरोपी बोलतात, पुढारी बोलतात, पोलीस आणि वकील बोलतात. मुली जवळजवळ बोलतच नाहीत. ओळख जपणे आवश्यक होतेच. पण ओळख जपणे आणि आवाज नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांमुळे खानदेशात जुनी कागदपत्रे जपण्याची चांगली परंपरा आहे. सनदा, पत्रे, हिशेब सापडतात. मात्र कागद बोलतो तो कोणीतरी लिहून ठेवल्यावरच. १९९४ च्या मुलींचे ऐकून लिहून ठेवणारे कोण होते? पोलीस ठाण्याच्या अलीकडे, कोणीच नाही.

६/
त्या वेळच्या संस्थांची स्थिती पाहू. खानदेशातील महाविद्यालये पूर्वी पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते, तो वेगळा जिल्हा १९९८ मध्ये झाला. म्हणजे प्रकरण उघड झाले तेव्हा विद्यापीठ जेमतेम चार वर्षांचे होते.

आणि कायदा? विद्यार्थिनीची लैंगिक छळाची तक्रार महाविद्यालयाने ऐकून घ्यावी, असे सांगणारा नियमच देशात नव्हता. विशाखा निकाल १९९७ चा, पॉक्सो २०१२ चा. चोरून छायाचित्र घेणे हा स्वतंत्र गुन्हा झाला २०१३ मध्ये. उलट, पुरावा कायद्यात फिर्यादी स्त्रीच्या ‘चारित्र्या’वर प्रश्न विचारू देणारी तरतूद होती, ती थेट २००२ च्या दुरुस्तीने गेली.

७/
अशा वेळी शिंदखेड्याहून किंवा पारोळ्याहून एसटीने येणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीने धीर करून एखाद्या मॅडमना सांगितले असते, तर काय झाले असते? माझा तर्क असा: मॅडमनी प्राचार्यांना सांगितले असते, प्राचार्यांनी वडिलांना बोलावून घेतले असते. दोघांचाही हेतू चांगलाच असता. आणि मुलगी पुढच्या सोमवारपासून वर्गात दिसली नसती.

म्हणजे आरोपीची धमकी तिच्या हितचिंतकांनीच पूर्ण केली असती. शिक्षकाला न सांगण्याचा त्या मुलींचा निर्णय भित्रेपणाचा नव्हता. तो परिस्थितीचा अचूक अंदाज होता.

८/
हाच प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एकदा अगदी थेट आला होता. त्यासाठी थोडे पंजाबात जाऊ.

३० मार्च १९८४. लुधियाना जिल्ह्यातील दहावीची एक विद्यार्थिनी परीक्षा देऊन परतत असताना मोटारीतून आलेल्या तरुणांनी तिला पळवून नेले. रात्रभर अत्याचार झाले. सकाळी तिला सोडून देण्यात आले आणि ती परीक्षा केंद्रावर गेली. त्या दिवशीचा पेपर तिने दिला. घरी पोहोचल्यावर आईला सांगितले.

खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडले. अविश्वासाची जी कारणे होती त्यांत एक हे होते: परीक्षा केंद्रावर शिक्षिका होत्या, मैत्रिणी होत्या, तिने त्यांना का सांगितले नाही?

९/
जानेवारी १९९६ मध्ये ‘पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही कारणमीमांसा फेटाळली. लाज, धसका आणि घराण्याच्या नावाची भीती यांमुळे अशी मुलगी शिक्षकांना किंवा इतरांना सांगणार नाही, प्रथम आईलाच सांगेल, हेच स्वाभाविक, असे न्यायालयाने म्हटले आणि आरोपींना दोषी ठरवले. अशा खटल्यांची सुनावणी बंद दालनात व्हावी, यावरही त्याच निकालात भर आहे.

निकाल मोठाच. पण मला त्यात एक रिकामी जागा दिसते. मुलीने का सांगितले नाही, याचे उत्तर न्यायालयाने दिले. रात्रभर यातना सोसून आलेली विद्यार्थिनी समोर बसून पेपर लिहीत असताना त्या दालनातील एकाही मोठ्या माणसाने ‘बाळ, बरे वाटत नाही का?’ एवढे विचारले का, हा प्रश्न मात्र त्या खटल्याच्या कक्षेतच नव्हता.

१०/
शिक्षकांनी यात पडावे हा काही आजचा विचार नव्हे, आणि तो परदेशातूनही आलेला नाही. महाराष्ट्रातच त्याचे दोन भक्कम दाखले आहेत.

पहिला १८६३ चा. पुण्यात मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सावित्रीबाई आणि जोतीराव या शिक्षक दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. घरातील किंवा नात्यातील पुरुषांच्या शोषणातून गरोदर राहिलेल्या विधवांपुढे त्या काळी दोनच वाटा असत: स्वतःचा जीव देणे किंवा मुलाचा घेणे. दुसऱ्या वाटेला गेलेल्या काशीबाई नावाच्या विधवेला काळ्या पाण्याची शिक्षा झाल्याचे जोतीरावांनी स्वतः नोंदवले आहे.

११/
या गृहाची जाहिरात कशी केली, हे विशेष पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या वस्तीत सूचना लावल्या गेल्या: येथे या, सुरक्षितपणे आणि गुप्तपणे बाळंत व्हा. ‘गुप्तपणे’ हा शब्द जाहिरातीतच आहे. येण्याआधीच त्या स्त्रीला आश्वासन मिळत होते की नाव फुटणार नाही. १८८४ मध्ये लिहिताना जोतीरावांनी तोवर तेथे आलेल्या विधवांची संख्या पस्तीस दिली आहे. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, या दांपत्याने दत्तक घेतले.

आधी निवारा आणि गुप्तता; नैतिक चौकशी नाहीच. आजच्या समुपदेशनाच्या पुस्तकांत ज्याला पहिला नियम म्हणतात, तो येथे दीडशे वर्षांपूर्वी भिंतीवर लावलेला आहे.

१२/
दुसरा दाखला १९७९ चा, आणि हा तर थेट विद्यापीठाच्या शिक्षकांचा.

मार्च १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी किशोरीवर पोलिसांनी अत्याचार केला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले, आणि भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगितले. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणून प्रतिकार नव्हता.

हे प्रकरण त्या मुलीच्या नावानेच ओळखले जाते. कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात तिचे नाव आहे. तिला कधी कोणी विचारले होते का, की हे नाव चालेल? म्हणून मी ते येथे लिहीत नाही.

१३/
१६ सप्टेंबर १९७९ रोजी कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. दिल्लीचे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. ठाण्यात पोलिसांच्या ताब्यात असलेल्या गरीब मुलीकडून आरडाओरड्याची अपेक्षा करणारा न्याय त्यांनी प्रश्नांकित केला. शरण जाणे वेगळे, संमती देणे वेगळे, हा त्या पत्राचा मुद्दा.

खानदेशाशी धागा असा, की याच वसुधाताईंनी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी भागात आदिवासींच्या जमीनहक्कांसाठी पुष्कळ काम केले. वर्गात शिकवलेला कायदा सातपुड्यात कसा दिसतो, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

१४/
पत्राने ती मुलगी खटला जिंकली नाही. फेरविचाराचा अर्ज फेटाळला गेला. पण १९८० च्या महिलादिनी मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. ताब्यातील बलात्काराचा वेगळा गुन्हा ठरला. तसेच भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ आले: पीडितेची ओळख उघड करणे हाच गुन्हा. आज ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे.

महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये चहाबरोबर ‘ती कोण हो?’ असे विचारले जाते, तेव्हा या कलमाची आठवण राहिली पाहिजे.

१५/
पुढचा प्रवास भराभर सांगतो, कारण तो बहुतेकांना माहीत आहे. राजस्थानातील साथिन भंवरीदेवी यांच्यावर १९९२ मध्ये सामूहिक अत्याचार झाला. त्यातून विशाखा याचिका उभी राहिली आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी कामाच्या ठिकाणी तक्रार समित्या बंधनकारक झाल्या. समित्या कागदावरच राहतात हे पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयापुढे चिकाटीने मांडले. त्यावर २०१२ मध्ये निकाल आला. २०१३ मध्ये कायदा झाला. त्यात मुख्य विचार नोकरदार स्त्रीचा होता. विद्यार्थिनीला स्पष्टपणे छत्राखाली आणले ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी, जे मे २०१६ मध्ये राजपत्रात आले.

१६/
या विनियमांकडे इतिहासाच्या चष्म्यातून पाहा. प्रत्येक तरतुदीमागे कोणाचा तरी जुना अनुभव उभा दिसतो.

विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात अंतर्गत तक्रार समितीवर विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशी अधिकारपदावरील माणसे समितीवर नसावीत. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तक्रारदाराचे पेपर तपासू नयेत, तिच्या कामाचे मूल्यमापन करू नये. हजेरीच्या अटीत सवलत, रजा, मार्गदर्शक किंवा विभाग बदलून देणे, पोलिसांत जायचे असल्यास मदत करणे. तक्रारदार मानसिक किंवा शारीरिक कारणाने स्वतः लिहू शकत नसेल, तर मैत्रीण, नातेवाईक, सहकारी यांनाही तक्रार देता येते. चौकशी नव्वद दिवसांत.

१७/
यातील सर्वांत दुर्लक्षित शब्द ‘हजेरी’. अत्याचारानंतर झोप उडते, वाचलेले लक्षात राहत नाही, ठरावीक रस्त्याने किंवा ठरावीक बसने येणे नकोसे होते. हे बाहेरून कसे दिसते? गैरहजेरी, अपुरी प्रात्यक्षिके, न भरलेला परीक्षा अर्ज. म्हणजे विद्यार्थिनीच्या संकटाचा पहिला कागदी पुरावा बहुधा कार्यालयातील लेखनिकाच्या टेबलावर येतो, प्राध्यापकाच्या नव्हे.

अर्जाची मुदत टळलेल्या मुलीला खिडकीतून ‘आता काही होणार नाही’ असे सांगणे आणि ‘थांब, मॅडमशी बोलून बघू’ असे सांगणे, यात एका वर्षाचे अंतर पडते. कधी कधी त्याहून जास्त. प्रशिक्षण द्यायचे तर आधी खिडकीमागच्या माणसाला, ग्रंथपालाला, रेक्टरला आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

१८/
मुदतीविषयी मात्र माझी तक्रार आहे. समितीकडे तक्रार तीन महिन्यांत द्यायची. कारण पटल्यास आणखी तीन महिने मिळतात. जळगावच्या मुलींना ही चौकट लावून पाहा. ज्यांनी वर्षानुवर्षे धमकीखाली काढली, त्यांच्यातील किती जणी सहा महिन्यांत बोलल्या असत्या?

म्हणून कोणी उशिरा आली तर ‘मुदत संपली’ हे उत्तर पुरेसे नाही. समितीची मुदत संपली असेल. बलात्काराच्या गुन्ह्यात पोलिसांकडे जाण्याला अशी मुदत नसते. आणि हजेरी, परीक्षा, समुपदेशन यांसाठीच्या मदतीचा समितीच्या निकालाशी संबंध जोडण्याचे कारणच नाही. अत्याचार घरात झाला असेल, गावात झाला असेल, महाविद्यालयाचा त्याच्याशी संबंध नसेल, तरीही ती विद्यार्थिनी महाविद्यालयाचीच आहे.

१९/
मग एखादी विद्यार्थिनी, किंवा विद्यार्थी (मुलग्यांवरही अत्याचार होतात आणि त्यांना बोलायला जागा आणखी कमी असते), समोर येऊन बसली तर शिक्षकाने नेमके काय करावे?

आधी ऐकावे. तपशील खोदून काढू नयेत; तो तपास अधिकाऱ्याचा विषय आहे. ‘तेव्हाच का सांगितले नाहीस?’ हा प्रश्न विचारूच नये, कारण त्याचे उत्तर आपण वर नऊ पोस्टमध्ये वाचले आहे. ‘तू सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी चूक नाही’ एवढे म्हणावे आणि थांबावे. नंतर विचारावे: आत्ता तुला काय हवे आहे? पुष्कळदा उत्तर अगदी लहान असते. आज घरी एकटीने जायचे नाही. उद्याची तोंडी परीक्षा पुढे ढकलून हवी आहे. डॉक्टरकडे सोबत कोणी हवे आहे.

२०/
भाषेचा मुद्दा खानदेशापुरता सांगतो. साक्री, शिरपूरकडची मुलगी घरी अहिराणी, पावरी किंवा भिली बोलते, वर्गात प्रमाण मराठी आणि अर्ज लिहिताना ‘सविनय’पासून सुरू होणारी तिसरीच भाषा. सर्वांत वाईट गोष्ट माणूस घरच्या भाषेत सांगतो. ‘काय व्हयनं?’ असे विचारणारे कोणी समोर असेल तर फरक पडतो. तिने सांगितलेले तिच्याच शब्दांत, तिच्या परवानगीने, तारखेसह लिहून ठेवावे; ‘शुद्ध’ करू नये. पुढे कधी तिला गरज पडली तर हा कागद मोलाचा ठरतो.

२१/
गुप्ततेबद्दल एक कठीण गोष्ट. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन सर्वांना देता येत नाही. आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग बहुधा वरिष्ठ महाविद्यालयाच्या आवारातच भरतात. तेथील मुले अठरा वर्षांखालची असतात. त्यांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे. म्हणून मूल बोलू लागण्याच्या बेतात असतानाच हे हळुवारपणे सांगून टाकावे. नंतर कळले तर तो दुसरा विश्वासघात वाटतो.

सज्ञान विद्यार्थिनीचे तसे नाही. पोलिसांत जायचे की नाही, घरी सांगायचे की नाही, हा निर्णय तिचा. तिला न विचारता वडिलांना फोन करणे म्हणजे १९९४ ची धमकी आपल्या हाताने खरी करणे. तिच्या जिवाला धोका दिसत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी तिला सांगून मगच पाऊल उचलावे.

२२/
छायाचित्राचे हत्यार आता खिशात मावते. जळगावला कॅमेरा आणि चित्रफीत लागत होती. आज व्हॉट्सॲप पुरते, आणि खोटे छायाचित्रही खऱ्याइतकेच चालते. अशा वेळी शिक्षकाने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ‘दाखव बघू काय आहे’ असे म्हणू नये. आणि घाबरून सारे संदेश पुसून टाक असा सल्ला देऊ नये. तो पुरावा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसंबंधीच्या अशा प्रकारांची तक्रार नाव न देताही नोंदवता येते.

इतर पत्तेही हाताशी असावेत: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. सखी वन स्टॉप केंद्रात वैद्यकीय, कायदेशीर आणि तात्पुरत्या निवाऱ्याची मदत एकत्र मिळते. अत्याचारग्रस्ताला रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, विनामूल्य उपचार देणे कायद्याने बंधनकारक आहे. राज्याची २०१३ पासूनची मनोधैर्य योजना अर्थसाहाय्य आणि पुनर्वसनासाठी आहे. तिची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावी.

२३/
ऐकणाऱ्यालाही त्रास होतो, हे सहसा कोणी सांगत नाही. एखादी तरुण सहायक प्राध्यापिका, त्यातही तासिका तत्त्वावरची, सारे एकटीने वाहून नेते. कारण विद्यार्थिनी तिच्याचकडे येतात. आरोपी वरिष्ठ सहकारी असेल तर तिच्या पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचाही प्रश्न येतो. समितीच्या अध्यक्षा, समुपदेशक आणि एखादी अनुभवी सहकारी यांच्याशी, नाव न सांगताही, सल्लामसलत करता येते. संस्थेने ती सोय करून ठेवायची असते.

२४/
शेवटी पुन्हा कागदांकडे, कारण हा इतिहासाचा थ्रेड आहे. वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, याचा वार्षिक अहवाल प्रत्येक संस्थेने द्यायचा असतो. त्या रकान्यात पुष्कळदा एकच शब्द असतो: ‘निरंक’. प्राचार्यांना तो शब्द आवडतो, मूल्यांकन समितीलाही खटकत नाही.

१९९३ साली जळगावच्या एखाद्या महाविद्यालयाकडे असा अहवाल मागितला असता, तर तेथेही ‘निरंक’च लिहून आले असते.

तेव्हा आपल्या महाविद्यालयाचा अहवाल वाचणाऱ्यांना एक सोपी पडताळणी सुचवतो. प्रवेशद्वाराजवळ समितीच्या सदस्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक असलेला फलक आहे का, ते पाहा. असल्यास त्यावरची नावे याच वर्षीची आहेत का, आणि त्यांतील कोणी निवृत्त तर झालेले नाही ना, तेही पाहा. मग युवती सभेतल्या दोघी-तिघींना विचारा, की यांपैकी एखाद्या मॅडमना त्या चेहऱ्याने ओळखतात का.